कळून-सवरून

तिसऱ्या वेळीही कडं जांभळंच आलं.

परीक्षानळी मी खिडकीकडे धरली. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा नमुना, त्यात औषधाचे दोन थेंब आणि कडेने हळूच सोडलेलं ॲसिड. पाणी स्वच्छ असेल तर काही दिसत नाही. पाण्यात साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये बांगडीसारखं जांभळं कडं उमटतं. साखर जितकी जास्त तितकं ते गडद. हे जवळजवळ काळं होतं.

"पुन्हा फडक्यानं पुसलीत का नळी?" कोळेकर मागून म्हणाला. तो आमच्या प्रयोगशाळेतला जुना माणूस. टेलिफोनशेजारचं टेबल त्याचं.

"नाही. तिन्ही नळ्या नव्या घेतल्या."

"मग लिहा स्लिप. मला काय विचारताय?"

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीतून बॉयलर हाऊसचा पत्रा दिसत होता. चालत गेलं तर चार मिनिटं. त्या पत्र्याखाली माझे वडील, आप्पा, ड्यूटीवर होते.

साखर कारखान्याशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उसाचा रस आटवायला वाफ लागते. ती वाफ काम झालं की थंड होऊन पाणी होते आणि तेच पाणी परत बॉयलरला जातं. मधे कुठे एखादी नळी गळली की रस त्या पाण्यात मिसळतो. साखरेचं पाणी बॉयलरमध्ये फेसाळतं, आतल्या नळ्यांना जळून चिकटतं, नळ्या तापतात आणि फाटतात. म्हणून दर तासाला नमुना. दर तासाला एक स्लिप. साखर असो वा नसो, स्लिप ही जातेच.

पूर्वी कडं दिसलं की प्रयोगशाळेतून थेट बॉयलर हाऊसला फोन जायचा. आप्पा किंवा त्यांच्या जागी जो असेल तो परतीचं पाणी बंद करून टाकीचं पाणी सुरू करायचा, आग कमी करायचा, आणि मग साहेबांना कळवायचा. कोणी हे लिहून दिलेलं नव्हतं. तसं चालत आलं होतं.

मी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात असा एक फोन केला. "आप्पा, कडं आलंय." त्यांनी एक शब्द विचारला नाही. दोन तास मिल बंद राहिली. मग चीफ केमिस्ट ओतारी साहेबांनी स्वतः नमुना तपासला. पाणी स्वच्छ होतं. मी नळी सुती फडक्याने पुसली होती, आणि सुताचा एखादा तंतू राहिला तरी कडं जांभळंच येतं. हे पुस्तकात असतं. मी वाचलेलंही होतं.

त्यानंतर एम.डी. साहेबांनी परिपत्रक काढलं. प्रयोगशाळेचा निष्कर्ष चीफ केमिस्टकडे, त्यांच्या सहीने चीफ इंजिनिअरकडे, त्यांच्या सहीने बॉयलर हाऊसला. मधे कुणी कुणाला परस्पर काही कळवायचं नाही. चीफ इंजिनिअरच्या हुकमाशिवाय पाणी बदलायचं नाही. "फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतील," ते मीटिंगमध्ये म्हणाले, "पण जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होईल." मला वेगळा मेमो मिळाला. त्यात 'वैयक्तिक नातेसंबंधाचा वापर' असे शब्द होते.

कँटीनमध्ये कुणीतरी आप्पांना ऐकू जाईल असं म्हणालं, "बाप-लेकीचा कारखाना झालाय आता." आप्पा सव्वीस वर्षं त्या बॉयलरवर होते. चहा अर्धा ठेवून उठले.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "शैले, हितनं पुढं मला फोन करायचा न्हाई. वर पाठवायचं, वरनं येऊ दे."

"आणि खरंच काही असलं तर?"

"वरनं येईल की. हंगाम संपला की तुला कायम करायचं बघतो म्हणालेत ओतारी साहेब. दुसरा मेमो झाला तर संपलं. दुसरी कुठली नोकरी हाय या गावात बी.एस्सी. झालेल्या पोरीला?"

आई भाकरी टाकत होती. म्हणाली, "एका घरात राहता, एका कारखान्यात जाता आणि बोलायचं न्हाई? जगावेगळंच."

"घरात बोल म्हण की. मी कुठं न्हाई म्हणतोय?" आप्पा हसले. "घरात तर ती मला बोलूच देत न्हाई."

प्रत्यक्षात स्लिपा पंधरा मिनिटांत कधीच पोहोचल्या नाहीत. दोन्ही साहेबांच्या टेबलांवर साचायच्या आणि संध्याकाळी गठ्ठ्याने बॉयलर हाऊसला जायच्या. आप्पा त्या तारेला टोचून ठेवत. आठ-दहा तासांपूर्वीचं पाणी स्वच्छ होतं हे वाचून कुणाला काय मिळणार? हळूहळू स्लिप हा शब्द म्हणजे रोजची कटकट असं होऊन गेलं. कारखाना व्यवस्थित चालला होता. दोन महिन्यांत एकदाही मिल विनाकारण थांबली नाही आणि एम.डी. साहेबांनी ते आकडे भिंतीवर लावले.

तर त्या दुपारी मी स्लिप लिहिली. 'साखर आहे. प्रमाण जास्त. तातडीचे.' खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या आणि शिपाई नाना माळींच्या हातात दिली.

"नाना, ओतारी साहेबांच्या हातातच द्या. पळत जा."

"साहेब गोडाऊनला हाईत. आज पोत्याची पूजा न्हाई का?"

मी विसरले होते. चार लाखाव्या पोत्याचं पूजन होतं. अध्यक्ष, संचालक, एम.डी., सगळे विभागप्रमुख गोडाऊनमध्ये. पोत्याला हार, समोर नारळ, पेढ्याचे बॉक्स. असल्या दिवशी मिल थांबवा म्हणणारा माणूस कारखान्यात जन्मलेला नव्हता.

"तिथं जाऊन द्या."

नाना गेले. मी चौथा नमुना मागवला. खरं म्हणजे त्याची गरज नव्हती. हातांना काहीतरी काम हवं होतं.

नाना परत आले तेव्हा पावणेतीन वाजले होते.

"दिली?"

"दिली की."

"वाचली का त्यांनी?"

"खिशात ठिवली. अध्यक्ष बोलत हुते."

"अहो, मग सांगायचं ना तातडीचं आहे म्हणून!"

नानांनी टोपी काढून घाम पुसला. "बाई, सांगणारा मी कोण? मी नेतो आणि आणतो. आणि तिथं फोटो काढाय लागलेत. मधी कसा जाऊ?"

कोळेकर रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमचं काम झालंय बाई. स्लिप दिलीय, वेळ नोंदवलीय. आता काही झालं तरी तुमच्यावर येत नाही."

तो वाईट बुद्धीने म्हणाला नाही. मला धीर देत होता.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "बॉयलर हाऊस. तुमचे वडील." मग भुवया उंचावून हळूच म्हणाला, "ऑफिसचंच बोला."

आणि तिथेच बसून राहिला. त्याची खुर्ची ती, तो कुठे जाणार?

"हॅलो."

"शैला?" मागे बॉयलरचा घोष होता, त्यामुळे ते मोठ्याने बोलत होते. "काय म्हणतंय पाणी?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कामावरून मला फोन केला होता.

"का? काय झालं?"

"काही न्हाई. काचेत पाणी जरा नाचतंय. म्हटलं इचारावं."

बॉयलरच्या अंगाला एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ते नाचायला लागलं म्हणजे आत फेस होतोय. मला ते माहीत होतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कोळेकरने पेन खाली ठेवलं होतं.

"स्लिप पाठवलीय, आप्पा," मी म्हणाले.

"पाठवलीस?"

"हो. स्लिप पाठवलीय."

मी शब्दावर जोर दिला. पुष्कळ जोर दिला असं मला वाटलं.

"कळलं की," ते म्हणाले. "ठेव."

फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नियम मोडला नाही आणि सांगायचं तेही सांगितलं. आमचं दोघांचं असं बरंच न बोलता चालायचं. ते आता आग कमी करतील, माणसं बाजूला काढतील, हुकमाची वाट बघत का होईना पण सावध राहतील. मी चौथी नळी धुवायला घेतली.

तीन वाजून पाच मिनिटांनी नळी फाटली. मोठा धडाका झाला असेल असं लोक धरून चालतात. तसं नव्हतं. आधी एक जाड, दबका आवाज, पोतं पडल्यासारखा, आणि मग वाफेचा फुत्कार, जो थांबेचना. बॉयलर हाऊसच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम पांढरं बाहेर आलं. गोडाऊनकडे तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मी पळत गेले. चार मिनिटं लागली नाहीत. दोनसुद्धा नाही.

वाफेने भाजलेले आप्पा तिसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात वारले. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकदा डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मिटले. त्या बघण्याचा अर्थ मी सात वर्षं एक लावत होते.

दिवसवार झाल्यावर चौकशी समिती आली. बाहेरून आलेले तीन गृहस्थ गेस्ट हाऊसवर बसले. ओतारी साहेबांनी सगळं खरं सांगितलं. स्लिप मिळाली, अध्यक्षांचं भाषण चालू होतं, संपल्यावर वाचणार होतो. बाहेर आल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले, खिसा चाचपला आणि पुढे गेले. मला त्यांचा राग येत नव्हता. मीही त्या दिवशी कुणाचं तरी संपायची वाट बघत बसले होते.

मला विचारलं, "बॉयलर हाऊसला याची काही कल्पना पोहोचली होती का?"

मला एकच दिसत होतं. हे लोक आता लिहिणार की म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं, काचेत पाणी नाचत होतं आणि त्याला दिसलं नाही.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनीच मला फोन केला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"स्लिप पाठवलीय म्हणून."

"त्यावर ते?"

"म्हणाले, कळलं."

"कळलं? हाच शब्द?"

"हाच."

तिघांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कारकुनाने ते टाइप केलं. आपण आप्पांची बाजू मांडली या समाधानात मी उठले.

अहवालाची प्रत दोन महिन्यांनी घरी आली. आईने ती मला वाचून दाखवायला सांगितली. मधलं बरंच तिला कळलं नाही, मी गाळलंही. पण एका परिच्छेदाशी मी अडखळले आणि ते तिच्या लक्षात आलं. "काय लिवलंय? वाच."

'बॉयलर अटेंडंट कै. रंगनाथ कुंभोजकर यांना प्रयोगशाळेकडून दूरध्वनीद्वारे कल्पना मिळालेली असताना व ती त्यांना कळल्याचे त्यांनी स्वतः मान्य केलेले असतानाही त्यांनी स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कोणतीही हालचाल केली नाही.' बाकी कुणाचाही व्यक्तिगत दोष आढळत नाही. शिफारस अशी की यापुढे स्लिपेच्या तीनऐवजी पाच प्रती काढाव्यात आणि त्यांवर एम.डी. साहेबांचीही सही असावी.

"म्हणजे त्याला कळलं हुतं?" आई म्हणाली.

मी कागदाची घडी घातली.

"कळलं हुतं आणि उभा राहिला?"

"हुकूम आला नव्हता, आई."

"हुकूम!" ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण त्यानंतर कुणीही विषय काढला की तिचं ठरलेलं वाक्य असायचं: "कळून-सवरून उभा राहिला. कारखाना मोठा हुता त्याला. आम्ही न्हाई." वर्षश्राद्धाला भटजींसमोरही ती हे म्हणाली. रडण्यापेक्षा तिला रागावणं सोपं जात होतं. मला तेही नव्हतं. मी पुस्तकं वाचायची. खाणीतले, जहाजांवरचे, रेल्वेचे अपघात. जवळजवळ सगळीकडे असा एक तरी माणूस सापडायचा ज्याला माहीत होतं आणि ज्याचा हात कशावरच नव्हता.

पुढच्या हंगामात मला कायम केलं. अनुकंपा तत्त्वावर.

सात वर्षांनी दिलावर मुजावर घरी आला. तो आप्पांच्या हाताखाली बॉयलरवर होता. त्या दिवशी त्याची पाठ भाजली होती, पण वाचला. आता निवृत्त होऊन मुलाकडे सोलापूरला निघाला होता. पेढे घेऊन आला. सोप्यात बाकावर बसला, तोही अगदी कडेला.

"नीट बसा की, दिलावरभाई."

"बसलोय की नीट." मग जरा वेळाने म्हणाला, "आप्पांस्नी लई भरवसा हुता तुमचा. कुणाचा न्हाई एवढा."

"कशावरून?"

"आता कशावरनं म्हणजे? शेवटच्या दिवसाचंच सांगतो की. काचेत पाणी नाचाय लागलं. मी म्हटलं, आप्पा, लक्षण बरं दिसंना. तर म्हणाले थांब, लेकीला इचारतो. मी म्हटलं, साहेब वरडतील. म्हणाले, वरडू देत. फोन केला. ठिवला आणि म्हणाले, 'काय न्हाई. स्लिप पाठवलीय म्हणती, रोजच्यावानी. काही असतं तर पोरगी बोलली असती.' आणि निवांत झाले बघा. मला म्हणाले, घाल बगॅस."

बगॅस म्हणजे उसाचं चिपाड. बॉयलरचं जळण.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मी विचारलं, "हे तुम्ही समितीला सांगितलं नाहीत?"

"आमास्नी कुठं बोलावलं? आमचं सगळ्यांचं मिळून मोठ्या इंजिनिअर साहेबांनी लिवून दिलं. आम्ही सह्या केल्या." त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा जरा बावरला. "मी वंगाळ नव्हतो सांगत, बाई. भरवसा हुता म्हणून सांगितलं."

"हो. कळलं," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी आत गेले. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कोळेकर शेजारी होता ते. मेमोची भीती होती ते. स्लिप पाठवलीय असं दोनदा म्हणाले आणि कडं आलंय हे दोन शब्द म्हणाले नाही ते. समितीला काय सांगितलं ते. तिचा हात चालूच होता. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"म्हणजे त्याला कळलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"आणि मी सात वर्षं त्याला—" तिने वाक्य सोडून दिलं. जुडीतली उरलेली काडी न् काडी निवडून संपवली. मग विचारलं, "दिलावर कुणापाशी बोललाय ह्ये?"

"नाही. आणि तो चालला सोलापूरला."

"मग तू बी बोलू नको."

"आई, अहवालात दोष त्यांच्या नावावर आहे. मी अर्ज करते. माझा जबाब चुकला म्हणून—"

"आणि मग? सत्तावीस वर्षं नोकरी हाय अजून तुझी." तिने ताट उचललं. "असू दे त्याच्या नावावर. त्याला आता कुणाच्या मेमोची भीती हाय?"

मी अर्ज लिहिला होता. तो द्यायचा म्हणजे ओतारी साहेबांमार्फत द्यावा लागणार होता. मी तो दिला नाही. आईने सांगितलं म्हणून, असं मी पुष्कळ दिवस म्हणत आले.

पुढच्याच रविवारी आत्या आली, आप्पांची धाकटी बहीण. बोलता बोलता म्हणाली, "दादा जरा बाजूला झाला असता तर आज असता गं वहिनी." मी आईकडे बघितलं. आई चहा गाळत होती. नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "कळून-सवरून उभा राहिला बघा वन्सं. कारखाना मोठा हुता त्याला." आणि कप आत्यापुढे सरकवला.

त्यानंतर ती ते वाक्य तीस वर्षं म्हणत राहिली. लग्नांत, बारशांत, दळणाच्या रांगेत. पूर्वीपेक्षा जास्तच वेळा, आणि कुणी विषय काढला नाही तरी. सुरुवातीला मी उठून जायची. मग बसून ऐकायला शिकले.

आई या पौषात गेली. शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होती. माझी निवृत्ती होऊन तोवर तीन वर्षं झाली होती, तो कारखानाही अवसायनात गेला होता, ओतारी साहेब, कोळेकर, नाना, कुणी उरलं नव्हतं. एका सकाळी सलाईन बदलायला केरळची एक नर्स आली. मोडक्या मराठीत तिने सहज विचारलं, "आजी, आजोबा कुठे?"

आईने डोळे न उघडता सांगितलं. शब्द तुटत होते तरी पूर्ण वाक्य सांगितलं. बॉयलर फुटला. कळून-सवरून उभा राहिला.

"आई," मी म्हणाले, "आता नको म्हणूस. आता काही होत नाही."

तिने माझं मनगट चाचपून धरलं. "गप," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकंल."